वेलदोड्याचा वास

परवा भावाच्या घरात, त्याच्यासमोर उभी राहून मी जे बोलले ते आता अख्ख्या धारवाडभर झालंय, तेही तिखटमीठ लावून. मी भावाचं घर मोडलं म्हणतात. म्हणू देत! पण झालं काय ते एकदा माझ्या तोंडून ऐका.

मी अंबूताई. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून धारवाड-हुबळीतल्या मराठी घरांतली लग्नं जुळवते. पत्रिका, फोटो, सगळं माझ्या निळ्या फायलीत. आमच्यात दोन्हीकडचे लोक थेट बोलत नाहीत. होकार असो नाहीतर नकार, आधी मध्यस्थाला कळवायचा, म्हणजे मला. या कामाचा मला भारी तोरा होता, लपवून काय करू?

स्मृती माझी भाची, धाकटा भाऊ पद्मनाभ याची एकुलती एक मुलगी. सत्तावीस वर्षांची, धारवाडजवळच बेलूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. दोन वर्षांत मी तिला पाच ठिकाणी दाखवली. कुणाला तिची उंची जास्त वाटली, कुणाला रात्रपाळी नको होती. रविवारी सहावे आले, बेळगावचे. मुलगा अनिश, बँकेत नोकरी, घरचे सगळे शिकलेले. स्मृती उप्पिटाचा ट्रे घेऊन आली, अनिशच्या आईपुढे वाकली आणि त्या बाईंनी पटकन नाकाला पदर लावला. दारूचा वास! सकाळी अकरा वाजता, पैठणी नेसलेल्या मुलीच्या तोंडाला दारूचा वास! मंडळी चहाला न थांबता निघून गेली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पद्मनाभनं मला त्याच्या केलगेरीच्या घरी बोलावलं. वकील माणूस, कागद तयारच होते. हुबळीकडच्या कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्राचा फॉर्म होता, तीन महिन्यांचा.

"अक्का, दुसरी सही तुझी लागेल," तो म्हणाला. "नाक कापलं गं पोरीनं. तिथं फोन नाही, भेटीगाठी नाहीत. येईल ताळ्यावर."

हा स्वतः दर शनिवारी क्लबात बसतो आणि माझी भावजय कुसुम त्याला लिंबूपाणी करून ठेवते. ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण गिळलं. म्हटलं, आधी मुलीशी बोलते, मग सही.

स्मृती मागच्या पडवीत बसली होती. डोळे सुजलेले. मी शेजारी टेकले आणि सरळच विचारलं, "कधीपासून पितेस?"

"पहिले कोण आले होते, ते सोलापूरचे, तेव्हापासून," ती म्हणाली. "स्टेशनजवळच्या दुकानातून तोंडाला स्कार्फ बांधून आणायची. आठवडाभर कारखान्यात टार्गेट, टार्गेट करून डोकं फुटायची वेळ येते, आणि रविवारी साडी नेसून लोकांपुढं बसायचं. दोन घोट घेतल्याशिवाय माझे पाय त्या खोलीत जायचेच नाहीत, आत्या. आधी फक्त त्या दिवशी घ्यायची. आता आदल्या दिवशीही लागते. मधल्या वारीही लागायला लागलीय."

"आणि मला कधी वास कसा आला नाही गं?"

"वेलदोडा चघळायची."

अय्यो देवा! मला आठवलं. आमची स्मृती कशी नीटस, तोंडाला नेहमी वेलदोड्याचा वास, असं मी प्रत्येक स्थळाला कौतुकानं सांगितलं होतं. स्वतःच्या तोंडानं!

"मग काल का नाही चघळलास?"

"मुद्दाम." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "वास यावा, त्यांनी नाही म्हणावं आणि परत कुणी येऊच नये म्हणून. दुसरं काय करणार होते? मला नाही म्हणायला कुणी जागाच ठेवली नव्हती."

मग तिनं कविताचं सांगितलं. कविता तिच्याच कारखान्यातली, अळणावरकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. माझ्या घरी दहा वेळा जेवून गेलेली. मी समजत होते, मैत्रीण.

"मैत्रीण आहेच," स्मृती म्हणाली. "पण मला नवरा नकोय, आत्या. मला तीच हवीय. चार वर्षं झाली. पिण्यावरून ती माझ्याशी भांडते, बाटल्या मोरीत ओतते. मी आईला सांगितलं होतं सगळं."

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. उगादीच्या आधी."

खोटं कशाला बोलू, साठी उलटलेली बाई मी, हे असलं घरात कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर वाटलं, पोरीनं हे सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. आणि मग उगादीचं, म्हणजे पाडव्याचं आठवलं. त्याच आठवड्यात कुसुम माझ्याकडे पत्रिका घेऊन आली होती. "वन्सं, जरा घाईच करा," म्हणाली होती. आणि मी मूर्ख, मोठा मान मिळाल्यासारखी फाईल उघडून बसले होते!

तशीच उठले आणि बैठकीच्या खोलीत गेले.

"कुसुम, तुला ठाऊक होतं?"

कुसुमनं पदर तोंडाला लावला. पद्मनाभनं दार लोटून घेतलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"हळू बोल, अक्का. दारू पिते म्हटलं तर लोक हळहळतात, उपचार कर म्हणतात. ते दुसरं काय सांगू लोकांना? म्हणून तर केंद्र. तिथं ठेवली की त्या पोरीशी संबंध तुटेल आणि लोकांत नाव दारूचंच होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचं पिणं सोडवायचं कुणाच्या मनातच नव्हतं! दारुडी म्हणून नाव झालं तरी चालेल, पण तिचा जीव कुणावर जडलाय ते झाकायचं.

"पद्मा, ती का पिते हे तुला ठाऊक होतं आणि तरी तू माझ्याकडून स्थळं मागवत राहिलास? प्रत्येक स्थळामागे एक बाटली पाजलीस तिला! तू पाजलीस, हिनं पाजली, मीही पाजली!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. बेळगाव. अनिशची आई. पद्मनाभनं खूण केली म्हणून मी स्पीकर लावला.

"अंबूताई, काल आम्ही तसेच निघालो, राग मानू नका," बाई गोडीत बोलत होत्या. "घरात बोलणं झालं. आजकालच्या मुली, कंपनीत चालतंच. आमचा अनिशही घेतो कधीमधी. लग्न झालं की सुटेल सगळं. मुलगी दिसायला चांगली आहे. आमचा होकार समजा. पुढच्याच महिन्यात उरकून टाकू."

कुसुमनं देवघराकडे बघून हात जोडले. आणि माझ्या भावानं, रात्रभर नाक कापल्याचं दुःख करणाऱ्या माझ्या भावानं, केंद्राचा फॉर्म शांतपणे घडी करून खिशात घातला. एका फोनसरशी व्यसन बरं झालं!

आतल्या दाराशी स्मृती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बिचारीनं सगळ्यांसमोर स्वतःची लाज वेशीला टांगली होती, तीही वाया गेली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"अंबूताई? ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला.

"हो म्हण, अक्का," पद्मनाभ कुजबुजला. "लवकर!"

मी त्याच्याकडे पाठ केली.

"स्मृती," मी म्हटलं, "हे स्थळ तुला पसंत आहे का?"

दोन वर्षं, सहा स्थळं, आणि हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी, जिचं कामच विचारायचं, तिनंही नव्हता विचारला.

"नाही," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "हे नाही. पुढचंही नाही."

"ऐकलंत?" मी फोनवर म्हटलं. "मुलीचा नकार आहे."

"काय?" बाईंची गोडी उतरली. "मग आम्हाला दाखवलीत कशाला?"

"चूक झाली, बाई. माझीच चूक. तिला विचारायचंच राहून गेलं होतं."

फोन ठेवला. पद्मनाभ काय काय ओरडला ते सांगत बसत नाही. पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस म्हणाला, तेवढं खरं. कुसुम भिंतीला टेकून रडत होती, पण मुलीच्या जवळ आली नाही. मी फायलीतून स्मृतीची पत्रिका आणि फोटो काढून तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "कपडे भर. माझ्याकडे राहायचं. आणि पिणं सोडायचं. त्यात माझ्याकडे सूट नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"एकटी?" तिनं विचारलं.

"कविताला फोन कर," मी म्हटलं. "म्हणावं, रजा काढ. आपण तिघी जाऊ."