समाधीवरची पांढरी बुरशी

सन २०२१. श्रावण सरता सरता जळकोटजवळ हायवेवर टँकर उलटला आणि कारखान्याच्या भट्टीत जाळायचं काळं तेल आमच्या शेतात उतरलं. बांधालगतच ह्यांची समाधी. आम्हा लिंगायतांत पुरतात. तीन वर्षांपूर्वी मल्लिनाथांना तिथंच मांडी घालून बसवलं होतं. रोज सकाळी मी तिथं जाऊन त्यांच्याशी बोलत असे. घरात दुसरं कोणी नव्हतं.

टँकरवाल्यांची माणसं आली. दोन हात खोल माती उकरून नेणार म्हणाली. मुलगा राजशेखर पुण्याहून फोनवर म्हणाला, "अव्वा, नेऊ दे की. मातीच हाय ती."

"तुझा बाप हाय तिच्यात."



कृषी महाविद्यालयातली शिवप्रिया मातीचे नमुने घ्यायला आली होती. तिनं उपाय सांगितला. गव्हाच्या काडावर धिंगरी अळंबी वाढवायची, ते काड मातीत मिसळायचं. अळंबी म्हणजे बुरशीच, तिचे धागे तेल खातात. "पण संक्रांतीपर्यंत फरक दिसला नाही, तर माती न्यावी लागेल, आजी."

वीस दिवसांत समाधीवर कापसासारखं पांढरं पसरलं. सोमवारी बघते तर सगळं निळसर, ओलं. धाकटे दीर गुंडाप्पा पाठीवर पंप घेऊन उभे.

"वैनी, दादाच्या अंगावर बुरशी चढली व्हती. मोरचुदाचं औषध मारलं बघा. आता नाव घ्यायची न्हाय!"

सगळा जन्म द्राक्षबागेत गेलेला माणूस. पांढरं दिसलं की हात पंपाकडंच.

"भावजी, ती बुरशी आमी पेरली व्हती."

त्यांनी पाठीवरचा पंप उतरवून ठेवला. "मग सांगायचं न्हाय का कुणाला?"

खरंच, मी ते फक्त समाधीला सांगितलं होतं.

औषध लागलेलं काड त्यांनी स्वतः उचललं. शिवप्रियानं अळंबीचं नवं बियाणं आणलं. गुंडाप्पांनी लग्नाच्या मोठ्या कढईत नवं काड उकळून त्यातले जंतू मारले. संक्रांतीला वास बराच उतरला होता. नमुना तपासून शिवप्रियानं समाधीभोवतीची वीस हात जागा वाचवली. बाकीची माती जेसीबीनं नेली.

शिवप्रिया बंगळूरला नोकरीला गेली. राजशेखरनं पुण्यात फ्लॅट घेतला. मला बोलावतो, मी जात नाही. गुंडाप्पा परवाच्या उन्हाळ्यात गेले. भावाशेजारची जागा त्यांनीच मागून ठेवली होती. माझे गुडघे वर्षापासून चालत नाहीत, आणि शेत घरापासून मैलभर आहे.