कपाटामागची मुकी पेटी

संध्याकाळी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. इमारतीतले शेजारी, त्यांचे पाहुणे, त्या पाहुण्यांचेही कोणी, सगळे भिंतींना टेकून कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे टक लावून बसले होते. खुर्ची वारलेल्या वडिलांची. तीत आई डोळे मिटून, छातीवर हात ठेवून बसली होती. टीव्हीवर एका ज्योतीचे चित्र हलत होते, पण आवाज नव्हता. वडील गेल्यापासून घरात गाणे-बजावणे नको म्हणून धाकट्या मुलाने दोन्ही स्पीकरच्या वायरी उपटून ठेवल्या होत्या.

"आले," आई पुटपुटली. "छातीवर हात ठेवलाय त्यांनी."

शेजाऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले. खुर्चीजवळ स्पर्शमहाराज उभे होते. हे मूळचे कोण, कुठले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुंगळ्याला गूळ सापडावा तसे त्यांना दुःखाचे घर बरोबर सापडे. आत्मा सूक्ष्म लहरींनी येतो, लहरींना मौन लागते आणि मौनाला ही ज्योत लागते, असे ते समजावून सांगत होते. ज्योत त्यांनी स्वतः पेन ड्राइव्हमध्ये भरून आणली होती. आत्म्याला टीव्हीच्या मागच्या भोकातून यावे लागते, हे ऐकून कोणालाही हसू आले नाही.

थोरल्या मुलीला तर मुळीच नाही. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, परगावाहून दुपारीच आली होती, आणि आल्या आल्या तिची नजर आईच्या पायांवर गेली होती. घोटे सुजून टम्म झाले होते. चार पावले चालली तरी आईला धाप लागत होती. तिने हृदयाच्या गोळ्या सोडल्या होत्या. गोळ्यांनी छाती बधिर होते, मग ते हात ठेवतील कुठे, असे महाराजांनी तिला विचारले होते.

थोरलीने गोड बोलून पाहिले, चिडून पाहिले, शेवटी पाया पडून पाहिले. आईचे उत्तर एकच. "तू बसून बघ. मग बोल."

मंडळी पांगल्यावर थोरली त्या खुर्चीत बसली. ज्योत अजून चालूच होती. आणि तिच्या छातीत खरोखरच काहीतरी थरथरले. वडील गेले तेव्हा ती वेळेवर पोचू शकली नव्हती. हा हात खरा असावा, असे तिला त्या क्षणी मनापासून वाटले, आणि ती ओक्साबोक्शी रडली.

पण डोळे पुसताना समोर पुन्हा ते घोटे दिसले. तिने स्वयंपाकघरातून वाटीभर पाणी आणले आणि खुर्चीच्या हातावर ठेवले. पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. पाण्याचा काही नवरा वारला नव्हता. वाटी खोलीच्या मध्यावर नेली तर पाणी गप्प. पलीकडच्या भिंतीशी नेली तर पुन्हा सुरकुत्या. मग ती गुडघ्यांवर रांगत, भिंतीला कान लावत निघाली आणि कपाटापाशी थांबली. मागे काळी पेटी होती. वडिलांचा सबवूफर, सिनेमातली गडगड आणि गाण्यातला जाड सूर काढणारा. त्याचा दिवा लुकलुकत होता.

"याची वायर का नाही काढलीस?" तिने धाकट्याला विचारले.

"त्यातून एकट्यातून कुठे काय ऐकू येतं, ताई? भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून कोपऱ्यात सरकवला फक्त."

आईला पहिल्यांदा हात जाणवला तेव्हा आपण आवाजाशिवाय मॅच बघत होतो, हे धाकट्याला आत्ता आठवले. पेटीचे आवाजाचे बटण मात्र त्याने फिरवले नव्हते. ते आता टोकाला होते. जागा शुद्ध करतो म्हणून महाराजच एकदा तिथे वाकले होते.

दुसऱ्या संध्याकाळी मंडळी जमली, ज्योत लागली, तेव्हा थोरलीने महाराजांनाच खुर्चीत बसवले. तुमच्या तोंडून आम्हांला बाबांची खूण कळू द्या, म्हणाली. महाराजांनी डोळे मिटले. वाटी शेजारी होतीच. तिने कपाटामागे हात घालून पेटीचा प्लग काढला. पाणी आरशासारखे स्थिर झाले.

"आले," महाराज डोलत म्हणाले. "आता तर दोन्ही हात ठेवलेत."

थोरलीने प्लग लावला, पाणी थरथरले. काढला, थांबले. जाड सूर कानाला कमी आणि अंगाला जास्त लागतो, असे तिने साध्या शब्दांत सांगितले. कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीतून तो भिंतींवर आपटून परततो, खोलीत काही ठिकाणी साठतो, काही ठिकाणी विरतो. वडिलांच्या खुर्चीपाशी तो साठत होता. ज्योतीच्या चित्राखाली महाराजांनी नुसता तोच सूर भरला होता. महाराज पेन ड्राइव्ह न घेताच निघून गेले.

मग आईने विचारले, "म्हणजे ते आलेच नव्हते?"

"नाही, आई."

"एकदाही?"

थोरलीला खोटे बोलावेसे फार वाटले. "एकदाही नाही."

नवरा पुन्हा एकदा गेल्यासारखी आई रडली. गोळी तिने घेतली, पण लेकीकडे न बघता, आणि नंतर कितीतरी दिवस ती तिच्याशी धड बोलली नाही. थोरली तेवढे सोसत राहिली. आईचे घोटे हळूहळू उतरू लागले.

गेलेल्या माणसाचे दुःख खरे असते, म्हणून त्यावर पोसलेली थाप खरी होत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढेच विचारा, की हे चालू कशाने होते आणि बंद कशाने. जो उत्तर देणार नाही, त्याच्या शब्दावर आपल्या माणसाचे औषध बंद करू नका.