बाळंतिणीची मुशी

काळूरामने मुशीच्या मानेवर पाय दिला आणि तिच्या जबड्यातून गळ सोडवला. हातभर लांब, अंगावर फिकट पट्टे असलेली तळाची मुशी, शार्कच्याच जातीतली. खडपाच्या कपारीत दडून राहणारी. एरवी गळाला लागली की तो चार शिव्या घालून तिला परत पाण्यात भिरकावायचा. आज मात्र सकाळपासून तिच्याचसाठी बसला होता.

मुशी त्याच्या लेकीने, प्राप्तीने मागितली होती. "बाबा, दूध कमी येतं. मुशी आना." बाळंतिणीने दुधासाठी मुशी मागावी आणि बापाने ती आणू नये, असं किहीमच्या आसपास कुठल्या घरात झालंय?

बाळ जाऊन आठवडा होत आला होता. दवाखान्यात, काचेच्या पेटीतच गेलं. इकडे घरी प्राप्तीचे टाके चिघळलेले, अंग तापाने फणफणलेलं. ताप उतरेपर्यंत तिच्या कानावर घालायचं नाही, असं तिच्या आईने, सगुणाने ठरवलं. मग रोज प्राप्ती दूध काढून बाटलीत भरायची आणि जावई मितेश ती बाटली घेऊन 'बाळाकडे' निघायचा. पोटच्या पोरीला फसवणं इतकं जिवावर येतं, हे काळूरामला या वयात कळत होतं.

मुशी ओल्या पोत्यात घालताना त्याला वाळूवर मितेशची मोटरसायकल दिसली. मितेश गुडघाभर पाण्यात उतरला, त्याने बाटली उपडी केली, लाटेत विसळली. मग तिथेच वाळूत उकिडवा बसून राहिला. काळूराम पाठ फिरवून दोरी गुंडाळत राहिला.

बऱ्याच वेळाने तो घरी आला. सगुणा मागच्या पडवीत वाटण वाटत होती. मितेश बाटली देऊन कामाला गेला होता.

प्राप्ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिने पोत्याकडे पाहिलं.

"जित्ती हाय?"

"हाय. तलाची मुशी. लवकर जीव सोडत न्हाय."

पोतं हलत होतं. ती ते बघत राहिली. मग उशाजवळची रिकामी बाटली तिने बापाच्या हातात दिली.

"तलाला बघा."

तळाला चिमूटभर रेती होती.

"दवाखान्यात रेती कुठून आली, बाबा? रोज येते."

काळूरामने पोतं खाली ठेवलं.

"मंग मुशी कशाला मागितलीस, पोरी?"

प्राप्तीने पडवीकडे पाहून आवाज खाली आणला.

"मी दूध काढते तवा आई माझ्या तोंडाकडं बघत बसते. मला कललंय हे तिला समजलं, तर ती खचल. मुशी मागितली की तिला वाटतं, हिला ठाव न्हाय. तुमी सांगू नका तिला."

"अवो, पानी उकललं," बाहेरून सगुणाने हाक मारली. "आना ती मुशी."

"आनतो," काळूराम म्हणाला.

त्याने खांद्यावरच्या पंच्याचं टोक बाटलीत घातलं, रेती पुसून काढली आणि बाटली उशाशी ठेवली. मग पोतं उचललं. आत मुशी अजून हलत होती.