वरच्या खोलीतलं टोपलं

सारजाबाईला भीत नाही असं पुंडलिकनगरात कोण होतं? भाजीवाला तिच्या दारात तराजू उचलायच्या आधी घसा साफ करी, आणि गल्लीतली भांडणं ती ओसरीत आली की आपोआप घरात शिरत. अशी ही बाई त्या रविवारी भरदुपारी, पोराटोरांसाठी काढलेल्या एका भुताच्या सिनेमापुढं पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

सिनेमा लावला होता सुनेनं, मोनिकानं. लावला होता नातीसाठी. राजनंदिनी चौथीत होती. तिचा बाप, सारजाबाईचा एकुलता एक सुदर्शन, कंपनीतून आला, डोकं दुखतंय म्हणून वरच्या खोलीत जाऊन पडला आणि उठलाच नाही. त्याला वर्ष होत आलं. पोर तेव्हापासून रडली नव्हती, फक्त झोपेत दचकून उठायची. घरात कुणी रडायचं नाही, त्याचं नाव काढायचं नाही, पोर झुरंल, असा सारजाबाईचा हुकूम होता. वरच्या खोलीला तिनं कुलूप घातलं होतं आणि किल्ली कनवटीला खोचली होती.

“शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून असला सिनेमा बघा,” मोनिका पडदे ओढता ओढता म्हणाली.

“बाई म्हणाल्या! पोर आधीच दचकती, तिला आणखी भूत दाखवा. पोरं भिववायचा पगार मिळतो व्हय त्या बाईला?”

“आत्याबाई, लहान मुलांचाच हाय. शेवट चांगला हाय.”

“भुताचा शेवट चांगला? भुताचा शेवट झालेला असतो म्हणून तर ते भूत!”

राजनंदिनी हसली नाही. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती.

सिनेमातल्या घरातला थोरला मुलगा मेला होता. रोज जिन्यावर त्याची पावलं वाजायची. आई ऐकायची आणि भांडी घासत राहायची. बाप ऐकायचा आणि पेपर वाचत राहायचा. बहीण तेवढी जिन्याकडं बघत राहायची. मग एक दिवस त्याच्या बंद खोलीचं दार, आतून कुणी ढकलावं तसं, हळूहळू उघडायला लागलं.

सारजाबाईनं रिमोटची सगळी बटणं एकदम दाबली. टीव्ही बंद झाला.

“पुरं झालं. लेकराचं काळीज फाटंल.”

“माझं नाय फाटलं,” राजनंदिनी म्हणाली. “आजी, तुझे हात थरथरायलेत.”

“तोंड लई चालतंय तुझं.”

 मोनिका पिशवी घेऊन दळण आणायला गिरणीत निघून गेली. सारजाबाई कॉटवर आडवी झाली, पण डोळे मिटले की ते दार उघडायचं. ती उठून बसली, पाणी प्यायली, पुन्हा पडली. कधी डोळा लागला तिला कळलं नाही.

जाग आली ती आवाजानं. वर कुणीतरी चालत होतं.

बंद खोलीत. दोन पावलं, थांबणं, पुन्हा दोन पावलं. सुदर्शन असाच चालायचा, फोनवर बोलताना.

तिचा हात कनवटीला गेला. किल्ली नव्हती.

“राजू?” तिनं हाक मारली.  “राजू, ए पोरी!”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पिठाच्या डब्याचं झाकण मात्र खाली पडलं होतं आणि तिथून जिन्यापर्यंत पांढरी पावलं उमटली होती. पायरीपायरीनं ती वर गेली होती.  शेजारच्या वच्छलाबाईला हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण वच्छलाबाईनं आपल्याला थरथरताना बघावं? त्यापेक्षा भूत परवडलं. कठडा धरून ती एकेक पायरी चढली. दार लोटलेलं होतं. फटीतून पिवळा उजेड हलत होता. तिनं दार ढकललं.

खिडक्या बंद. जिथं सुदर्शनला निजवलं होतं, नेमकं त्याच जागी एक टोपलं पालथं घातलेलं. कडेनं ज्वारीचं पीठ सांडलेलं, बाजूला पणती. आणि राजनंदिनी पिठानं पांढऱ्या झालेल्या पायांनी येरझारा घालत होती.

 सुदर्शन गेला तेव्हाही असंच टोपलं ठेवलं होतं. माणूस गेला की त्याच्या जागेवर पीठ पसरायचं, वर टोपलं झाकायचं, दिवा लावायचा. सकाळी उघडून बघायचं, पिठात कुणाचं पाऊल उमटलंय. चिमणीचं, मुंगीचं, गाईचं. ज्याचं पाऊल, त्या जन्माला तो गेला.

“काय मांडलंस हे? उचल! आधी उचल!”

“नाय. अजून बाबा यायचाय.”

“राजू!”

“मला सोयगावला मावशीकडं धाडलं तुम्ही. मी रडंन म्हणून. तुम्ही सगळ्यांनी पाऊल बघितलं, मीच नाय बघितलं.” पोरीचा आवाज चिरकला. “सिनेमात कुणी बोलतच नव्हतं त्याच्याशी, म्हणून तो पुन्हा पुन्हा यायचा. बाबा पण जिन्यावर येत असंल. त्याला कुठं जायचंय ते आपण बघितलंच नाय तर तो जाईल कसा?”

सारजाबाई मटकन खाली बसली. त्या सकाळी सगळे जिना चढले होते आणि ती खाली चहाच्या पातेल्यापाशी सुनेवर खेकसत उभी राहिली होती, साखर जास्त पडली म्हणून. वरून कुणी काय काय सांगत आलं. तिनं कान बंद करून घेतले होते.

“मी बी नाय बघितलं,” ती म्हणाली.

“का?”

“भ्याले.”

राजनंदिनी तिच्याकडं बघतच राहिली. तेवढ्यात टोपल्याखाली खसखस झाली.

 पुन्हा खसखस. वेताला आतून काहीतरी घासत होतं. पोर धावत येऊन आजीच्या मांडीत शिरली, आजीनं तिला इतकं घट्ट धरलं की बांगड्या पोरीच्या पाठीत रुतल्या.

“आजी, आला.”

सारजाबाईला वाटलं, पोरीला उचलावं, दार ओढावं, कुलूप घालावं आणि किल्ली विहिरीत टाकावी. पण मांडीतली पोर थरथरत असूनही टोपल्यावरची नजर हटवत नव्हती. आता उठून गेलं तर ही आयुष्यभर जिन्याकडंच बघत बसणार.

“धर माझा हात,” ती म्हणाली. “दोघी उचलू.”

टोपलं उचललं. पिठात वेडीवाकडी रेघ होती, आणि त्या रेघेच्या टोकाला बसलेली एक पाल क्षणभर त्यांच्याकडं बघून सरसर भिंतीवर चढली.

राजनंदिनीचं तोंड उघडंच राहिलं. “आजी... बाबा पाल झाला?”

“हॅट!” सारजाबाई ओरडली. “सुदर्शन आन् पाल? मुडद्याला पालीची इतकी धास्ती, की लग्नाच्या साली तुझ्या आईसमोर कॉटवर उभा राहून बोंबलला होता, ‘माय, झाडू आण, माय!’ तो पाल व्हतोय!”

पोर आधी हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि वर्षभराचं रडं एकदम बाहेर आलं. सारजाबाईनं तिला गप्प बस म्हटलं नाही. तिला म्हणताच आलं नाही, कारण तिचीच हनुवटी हलायला लागली होती.

“मग तो कुठं गेला?” पोरीनं हुंदक्यातून विचारलं.

“नाय माहीत, बाई. खरंच नाय माहीत.”

पणती फडफडली. दोघी पुन्हा दचकल्या आणि आणखी जवळ सरकल्या.

“अजून सांग ना,” पोर म्हणाली. “कॉटवर उभा राहिला, मग?”

“मग काय, सुदर्शन खाली उतरंना...”

खाली दार वाजलं. दळणाची पिशवी धप्पकन पडली. जिन्याच्या तोंडाशी मोनिकाचा आवाज आला, पार कापरा. “आत्याबाई? वर कोण हाय? कुणाचं नाव घेताय?”

“वर ये,” सारजाबाई म्हणाली. “त्याचं बोलणं चाललंय.”

बराच वेळ जिना वाजलाच नाही. मग पहिली पायरी वाजली.