काम्येनकाचा शिक्का

हेदविकानं फळ्यावर 'काम्येनका' या नावापुढं १३:५२ असं लिहिलं आणि फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला लावला. काम्येनकाच्या छोट्या विमान-मैदानाचं काम बघणारा ओता बोलत होता, आणि डाव्या कानानं ऐकलेलं तिला खरं वाटेना.

"परत सांग, ओता."

"काय परत सांगू? तुझा ट्रामवाला आला, विमान झकास टेकवलं आणि ठोकली धूम. चाकं पट्टीवर दहा सेकंद असतील-नसतील."

"थांबलाच नाही?"

"अगं, थांबला असता तर कॉफी पाजली नसती का मी त्याला? पाणी उकळून बसलोय इथं. रेडिओवर हाकही मारली, पण गडी तोवर दुसरा रेडिओ चॅनेल लावून बसलेला."

हेदविकानं खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. तो खाली पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. तिनं उचलले नाहीत.

वैमानिकाच्या परवान्यासाठी एकट्यानं करायचं लांबचं उड्डाण दोनशे सत्तर किलोमीटरचं, आणि त्यात वाटेत दोन परक्या मैदानांवर उतरायचं. उतरायचं म्हणजे पूर्ण थांबायचं. युरोपच्या नियमांत ते इतकं स्वच्छ लिहिलंय की त्यातून पळवाट काढणाऱ्यालाही लाज वाटावी. तिचा विद्यार्थी रादिम पहिल्या मैदानावर, लिपोव्याला, नीट थांबला होता, तिथला शिक्काही त्यानं घेतला होता. आणि काम्येनकाला तो सवयीनं उडून गेला. ही सवय कुणी लावली हे हेदविकाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं विसोकाच्या मैदानाभोवती फेऱ्या मारताना उजव्या आसनावरून तीच ओरडत आली होती, टेकलास ना, मग रेंगाळू नकोस, पंखांचे फ्लॅप वर घे, इंजिन पूर्ण दे, चल वर! तीनशेच्या वर वेळा टेकला असेल रादिम, आणि तीनशेच्या वर वेळा उडाला असेल.

"एकतीस वर्षं ट्राम चालवली ह्या माणसानं," ती म्हणाली. "प्रत्येक थांब्यावर थांबला. आणि आजच बरा विसरला!"

"आता काय होणार त्याचं?"

काय होणार ते ओतालाही ठाऊक होतं, साऱ्या मोराविया भागातल्या उड्डाण क्लबांना ठाऊक होतं. रादिमनं त्याचे नऊ लेखी पेपर दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी पूर्ण केले होते. त्या निकालाला चोवीस महिन्यांचं आयुष्य. तेवढ्यात परवाना हाती यायला हवा, नाहीतर नऊच्या नऊ पेपर पुन्हा. पहिल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याचं आरोग्य प्रमाणपत्र आठ महिने अडकवून ठेवलं. मग क्लबच्या विमानाचं इंजिन दुरुस्तीला गेलं. मग हा पाऊस, जो सप्टेंबरपासून हटायला तयार नव्हता. आज मंगळवार, एकोणतीस तारीख. उद्या सकाळी नऊला परीक्षक येणार होता, त्याला तेवढीच सवड होती. परवा अर्ज घेऊन प्रागच्या कचेरीत जायचं आणि परवा रात्री मुदत संपणार. वाया घालवायला एकही दिवस शिल्लक नव्हता.

आणि रादिमनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. पुन्हा नऊ पेपर? ह्या वयात? हवाई कायद्याचा पेपर मी दोनदा नापास झालोय, मास्तरीणबाई. ह्या वेळी हुकलं तर झालं, मी आपला ट्राममध्येच म्हातारा होतो.

"ऐक," ओताचा आवाज खाली आला, जणू त्याच्या खोलीत दुसरं कुणी होतं. "वही माझ्यापुढं उघडी आहे. तू म्हणत असशील तर मी लिहितो, उतरला, थांबला, चौदा-सहाला गेला. चिठ्ठी करतो, शिक्का मारतो. मैदानावर मी आणि एक ससा. ससा काही बोलायचा नाही."

"वेडा आहेस का?"

"आहे. पण बघ."

खिडकीबाहेर स्लावेक, क्लबचा मेकॅनिक, बाकावर बसून सफरचंद सोलत होता. पश्चिमेला ढगांची कड काळसर दिसायला लागली होती. हेदविकानं ती बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग परत ती कड बघितली. ती अठ्ठावीस वर्षं उडत होती. वहीत एक मिनिट कधी फुगवलं नव्हतं तिनं. वीस तासांचे पंचवीस करून लिहिणाऱ्या एका बऱ्या घरच्या मुलाला तिनं ह्याच खोलीतून हाकललं होतं.

"लिही," ती म्हणाली.

"आणि चिठ्ठी?"

"शिक्का मारून फोटो पाठव."

तीन मिनिटांत फोटो आला. ओताचं मोठ्ठं अक्षर, तिरका शिक्का, कोपऱ्यात कॉफीच्या पेल्याचा ओला गोल. हेदविकाला हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग ते ओसरलं आणि तिला खोलीत बसवेना.

ती बाहेर आली. इंधनाच्या टाकीपर्यंत गेली, परत आली. स्लावेकनं सफरचंदाची फोड पुढं केली. तिनं ती घेतली आणि खायची विसरून हातातच धरून ठेवली.

"किती वाजता यायचाय गडी?" स्लावेकनं विचारलं.

"दोन-चाळीस."

"मग पंधरा मिनिटं आहेत. बस की जरा. पायाखालचं गवत मेलं."

ती बसली आणि लगेच उठली. रादिमला काय सांगायचं? काहीच न सांगता कागद फाइलला लावून टाकायचा? पण तो विचारणार, शिक्का कुठाय. मग सांगायचं, ओता म्हणाला तू थांबलास. आणि तो कपाळाला आठ्या घालून म्हणणार, थांबलो? मी? तिला स्वतःचंच हसू आलं, आणि मग हसू आल्याचा राग आला.

दोन-चाळीस झाले. पावणेतीन झाले. वारा समोरून असेल, ती म्हणाली. स्लावेकनं वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघितली, ती वाऱ्याविना लोंबकळत होती.

तीनला तिनं ओताला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. रेडिओवर रादिमला हाका मारल्या, दर दोन मिनिटांनी, त्याच शब्दांत. मध्ये डोंगर होते, जवळ आल्याशिवाय तो ऐकणार नाही हे तिला माहीत होतं, तरी मारल्या. तिला ते रान दिसायला लागलं, काम्येनका आणि विसोकाच्या मधलं, नुसती लाकूडतोडीची जागा, बुंधेच बुंधे, उतरायला सपाट पट्टा नाही. तिनंच सकाळी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, इथं इंजिन गेलं तर डावीकडं वळ. उजवीकडं नको, डावीकडं.

"अर्धा तास होऊन गेला," स्लावेक म्हणाला. आता तो उभा होता. "कळवायला पाहिजे."

"माहीत आहे मला!"

"मग कळव ना."

तीन वाजून वीस मिनिटांनी तिनं प्रागच्या शोध आणि बचाव केंद्राचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला एका तरुण माणसानं उचलला. विमानाची खूण, रंग, माणसं किती, इंधन किती तासांचं. ती सांगत गेली. आवाज स्थिर होता, तो कसा होता कोण जाणे.

"शेवटचं कुठून निघालं?"

"काम्येनका."

"किती वाजता?"

हेदविकाच्या दुसऱ्या हातात तिचा दुसरा फोन होता, त्यावर ओताच्या चिठ्ठीचा फोटो होता, आणि चिठ्ठीवर चौदा-सहा होतं. त्या चौदा मिनिटांत विमान तीस किलोमीटर जातं. तीस किलोमीटर चुकीच्या जागी लोक त्याला शोधणार.

"मॅडम, किती वाजता निघालं?"

"तेरा-बावन्न," ती म्हणाली. "तिथं थांबलं नव्हतं. टेकून तसंच गेलं. एका कागदावर चौदा-सहा लिहिलंय, ते खोटं आहे. तुम्ही तेरा-बावन्न धरा."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"खोटं मीच लिहायला लावलंय. धरा तेरा-बावन्न."

पलीकडं की-बोर्डचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. स्लावेक तिच्याकडं बघत होता. गेला, तिला वाटलं. गेला रादिमचा परवाना, आणि माझाही गेला. ह्या क्षणी तिला दोन्हींचं काही वाटत नव्हतं.

तिच्या आधी स्लावेकला ऐकू आलं. त्यानं मान वर केली. मग रेडिओ खरखरला आणि त्यातून रादिमचा जाडसर आवाज आला, ट्रामच्या थांब्याचं नाव पुकारावं तसा सावकाश. "विसोका, पाच मिनिटांवर आहे. पूर्ण थांबण्यासाठी उतरतोय."

"आला," हेदविका फोनमध्ये म्हणाली. "आला हो. माफ करा. आलाय तो."

तो उतरला, पट्टीवर अगदी उभा राहिला, मोजून तीन सेकंद उभा राहिला, आणि मग हँगरकडं आला. इंजिन बंद झालं. हेदविका पंखा थांबण्याआधी धावली नाही, तेवढी शिस्त तिच्या अंगात शिल्लक होती. दार उघडल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

"कुठं उलथला होतास रे? एक तास! एक तास आम्ही इथं काय मेलो होतो का!"

"मागं गेलो होतो," रादिम म्हणाला. तो अवघडून खाली उतरला, कमरेवर हात ठेवून ताठ झाला. "पंधरा मिनिटं गेल्यावर गुडघ्यावरच्या कागदाकडं बघितलं, तर काम्येनकाची चौकट कोरी. म्हटलं, अरे गाढवा, तू थांबलास कुठं? वळवलं, परत गेलो, उतरलो, इंजिन बंद केलं. इंधन भरून घेतलं. हा घे."

त्यानं घडी केलेला कागद पुढं केला. दोन शिक्के होते. काम्येनकाच्या शिक्क्याखाली ओताच्या मोठ्ठ्या अक्षरात उतरल्याची वेळ होती, चौदा-तेवीस, आणि सही.

हेदविकानं कागद उलगडला तेव्हा आतून एक छोटी चिठ्ठी गवतावर पडली. कोपऱ्यात कॉफीचा गोल होता. रादिमनं ती वाकून उचलली आणि तिच्या हातात दिली.

"ही पण तुझीच," तो म्हणाला. "ओता फाडत होता. मी म्हटलं, नको, मी देतो तिला."

स्लावेकनं तोंड उघडलं. "अरे, हिनं आत्ताच प्रागला..."

"तू गप्प बस, स्लावेक," हेदविका म्हणाली.

स्लावेक विमानाच्या शेपटीकडं निघून गेला आणि तिथं काहीतरी पुसत बसला.

"फोन तरी करायचास," ती रादिमला म्हणाली. आवाज मघासारखा चढेना. "तिथून एक फोन."

"करणारच होतो. नंबरही काढला होता. तेवढ्यात ओता म्हणाला, अरे कशाला आलास तडफडत, हेदविकानं सगळं निस्तरलंय. मग नाही केला. आणि मी निघालो तेव्हा तो फोन आत टाकून ट्रॅक्टरवर गवत कापायला गेलेला."

पश्चिमेकडून गार वारा सुटला होता, आणि पिशवी आता भरून उभी राहिली होती.

"तू असतीस तर काय केलं असतंस?" रादिमनं विचारलं. रागानं नाही. थांब्यावर उभ्या माणसाला वेळ विचारावी तसं.

"वळले असते."

"मग?"

त्यावर बोलायला तिच्याकडं बरंच होतं. हवामान, तारीख, परीक्षक, ओताचा स्वभाव. तिनं हातातली चिठ्ठी दुमडली.

"मी घाबरले होते," शेवटी ती म्हणाली. "तू पुन्हा नऊ पेपर द्यायचा नाहीस म्हणून. तूच म्हणाला होतास, झालं, आता ट्राममध्येच म्हातारा होतो. सगळ्यांना ऐकवत होतास."

रादिमनं हातमोजे काढले, एकात एक घातले, खिशात कोंबले.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "माणूस काय वाट्टेल ते बोलतो. तुला शिव्या घातल्या असत्या, ओताला घातल्या असत्या, महिनाभर ह्या बाजूला फिरकलो नसतो. पण दिले असते गं नऊच्या नऊ."

त्यानं खिशातून पेन काढून तिच्यापुढं धरलं. "सही कर इथं. उद्या नऊला परीक्षक येईल तेव्हा कागद तयार पाहिजेत. आणि त्याला काय सांगायचं ते तू ठरव."

"सगळं सांगणार आहे," हेदविका म्हणाली.

तो नुसता हुंकारला आणि स्लावेकला हाक मारत विमानाच्या पंखाकडं गेला, विमान हँगरमध्ये ढकलायला दोघं लागत होते. हेदविकानं चष्मा काढला, स्वेटरच्या कडेनं पुसला, परत घातला, आणि कागदावर सही कुठं करायची ते शोधू लागली.