भावाचा ठेका

भाकऱ्या उरकून रत्नाने मोबाईल हातात घेतला आणि वहिनीचं स्टेटस बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फोटोत काळ्याशार ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा होता. त्यावर चकचकीत नळ, नळाला धो धो पाणी. खाली वहिनीने लिहिलं होतं, 'धनूच्या घराचं काम जोरात!'

धनू म्हणजे धनश्री, वहिनीची धाकटी बहीण, वेल्ह्याला दिलेली. आणि तिचं काम जोरात करणारा ठेकेदार होता हनुमंत, रत्नाचा सख्खा थोरला भाऊ.

रत्ना त्या वेळी कामथडीच्या आपल्या नव्या घरात बसली होती. नवं म्हणायचं एवढंच. संक्रांतीच्या सुमाराला स्लॅब टाकून झाला, पुढच्या खोलीला गिलावा झाला आणि तिथून काम जे थांबलं ते चैत्र उजाडला तरी थांबलेलंच. स्वयंपाकघरात ओटा नव्हता, ती जमिनीवरच भाकऱ्या थापायची. न्हाणीला दार नव्हतं. तिची सासू ठकुबाई पत्र्याच्या आडोशाला, कुणी येत नाही ना ते बघत बघत अंघोळ उरकायची. जिन्याच्या तर सहाच पायऱ्या झाल्या होत्या. सातवी जिथं यायची तिथं नुसत्या सळया वर निघालेल्या.

बरं, पैसे अडले होते म्हणावं तर तसंही नाही. मानसिंगने, तिच्या नवऱ्याने, ते वेळच्या वेळी पोचवले होते. नसरापूरचा एक चांगला ठेकेदारही त्याने बघून ठेवला होता. रत्नाच अडून बसली होती. "माजा भाऊ असताना परक्याच्या हातनं घर बांदायचं? लोकं काय म्हंतील?" भूमिपूजनाला तिने हनुमंताला नवा टॉवेल-टोपी केली होती आणि आळीतल्या बायकांना बोलावून बोलावून सांगितलं होतं, "आमचा दादाच करतोय समदं."

आता त्याच बायका जाता जाता विचारायच्या, "दादा येत न्हाई व्हय गं हल्ली?"

ठकुबाई टोचून बोलणारी नव्हती. पण त्या दिवशी पत्र्याआडून बाहेर येताना म्हणाली, "रत्ना, तुज्या भावाला एवडं दार तरी लावून दे म्हनावं. म्हातारीची अब्रू हाय गं."

रत्नाने फोन लावला. "सोमवारी येतो," हनुमंत म्हणाला. गेले सहा सोमवार तो हेच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी नसरापूरच्या बाजाराला जाते असं सांगून ती घरातून निघाली आणि चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याच्या एसटीत बसली. सबंध वाटभर मनात एकच विचार. राखी बांधायला मी, भाऊबीजेला ओवाळायला मी, आणि ओटा वहिनीच्या बहिणीला! सासुरवाडीचं माणूस एवढं गोड लागतं?

धनश्रीचं घर विचारावं लागलं नाही. दारात हनुमंताचा टेम्पो उभा होता. वाळू चाळणारा गेनबा गवंडी तिला बघून चपापला. याच गेनबाने तिच्या सहा पायऱ्या बांधल्या होत्या.

"आक्का, तुमी हितं?"

रत्ना त्याला ओलांडून दारापर्यंत गेली. तिचं लक्ष आत गेलं होतं. हनुमंत फरशीवर गुडघे टेकून स्वतः टेप लावत होता. कानाला पेन्सिल, विजारीला चुना. कामथडीत त्याने टेपला कधी हात लावला नव्हता. तिथं तो यायचा, खुर्चीवर बसायचा, चहा प्यायचा, ठकुबाईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा आणि उठायचा. इथं तो राबत होता.

"हनुमंतभाऊ, चहा ठिवलाय," आतून आवाज आला आणि पाठोपाठ धनश्री बाहेर आली. तिच्या तोंडचं ते 'भाऊ' रत्नाला तिखटासारखं झोंबलं.

"अगंबाई, रत्नाताई! या ना, घर बगा."

रत्नाने घर पाहिलं. खोट काढायलाच पाहिलं. ओट्यावरून हात फिरवला, फरशीचे सांधे निरखले, न्हाणीचं दार दोनदा उघडून लावलं. दार कुरकुरलंसुद्धा नाही. शेवटी भांडी घासायचं बेसिन भिंतीला जरा जास्तच चिकटलंय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा कुठं तिला दोन घोट चहा गोड लागला.

भिंतीवर खिळ्याला एक कागद लटकत होता. ओटा, न्हाणी, जिना, रंग. प्रत्येकापुढं तारीख आणि खाली हनुमंताची सही.

"ह्यो कसला कागद?"

"ह्ये म्या पयल्याच दिवशी लिवून घेतलं," धनश्री हसत म्हणाली. "ताईचं मालक पडलं ना. पुढं काय बिनसलं तर बोलता येत न्हाई. एक दिवस चुकला की मी दोन फोन करते. लई वैतागत्यात माज्यावर. तुमचं बरं हाय, सख्खा भाऊ. तुमाला कागद कशाला लागतोय! हितं येऊन सारकं म्हनत असत्यात, आमची रत्ना सांबाळून घेती, कदी बोलून दाकवत न्हाई. मला हेवा वाटतो बगा तुमचा."

रत्नाने कपबशी ओट्यावर ठेवली. सांभाळून घेते म्हणूनच आपण मागं राहिलो, हे तिला त्या परक्या स्वयंपाकघरात कळलं. आणि ते कळवणारी धनश्री असावी याचा राग वेगळाच.

ती तशीच हनुमंतापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, माजं काम कदी हुनार?"

"अगं, तू घरची हायेस. तुला काय आज-उद्या..."

"घरची म्हनून म्हातारीला पत्र्याआड बसवलीस व्हय? आता मी घरची न्हाई. मी गिऱ्हाईक. लिवून दे."

गेनबाची चाळणी थांबली. हनुमंताचा चेहरा उतरला. "भावाकडनं सही घेतीस रत्ना?"

"व्हय. हिला दिलीस, मला बी दे."

कागद मात्र तिच्यापाशी नव्हता. तो धनश्रीकडेच मागावा लागला, आणि ते मागणं रत्नाला एसटीच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा जड गेलं. धनश्रीने वहीचं पान फाडून दिलं आणि वर म्हणाली, "भाऊ, माजा रंग आट दिस ऱ्हाऊ द्या. गेनबांना आदी कामथडीला न्या." रत्नाने मान हलवली. आभार काही तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

हनुमंताने लिहिलं. ओटा, न्हाणी, जिना, मागचं दार. अठरा दिवस. सही करताना त्याने मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी आठला टेम्पो कामथडीत हजर. चौथ्या दिवशी न्हाणीला दार लागलं. ठकुबाईने आतून कडी लावली आणि तासभर बाहेर आली नाही. आठव्या दिवशी ओटा झाला. जिना वर वर सरकू लागला. मानसिंग खूश होता, आळीतल्या बायका येऊन बघून जात होत्या.

फक्त हनुमंत घरात येईना. आपल्या घरून, कापूरहोळहून डबा आणायचा, टेम्पोतच बसून खायचा. चहा दिला तर "ठिवा हितं" म्हणायचा. सख्ख्या बहिणीला 'ठिवा'! रत्नाने एकदा त्याच्या आवडीची मटकीची उसळ केली, ती गेनबानेच संपवली. त्यात वहिनीचा फोन आला, बोलता बोलता ती म्हणाली की धनूने परवा ह्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं. ओटा मिळाला आणि पंगत तिकडं गेली, असं झालं. नव्या ओट्यावर भाकरी थापताना रत्नाचे डोळे भरून यायचे आणि आता चुलीचा धूर नाही हे विसरून ती धूर लागल्यासारखे ते पदराने पुसायची.

अठराव्या दिवशी हनुमंत कागद घेऊन दारात उभा राहिला.

"बगून घ्या. समदं झालंय. मिळालं म्हनून सही करा."

रत्नाने एकेक काम पाहिलं. नाव ठेवायला जागा नव्हती. तिने पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"देवळी ऱ्हायली."

"कसली देवळी?"

"जिन्याखाली. दिवा ठिवायला."

"कागदात न्हाई."

"ठावं हाय. कागदातलं ठेकेदारानं केलं. ह्ये तू कर. गेनबानं न्हाई, तू."

हनुमंताने कागदाची घडी करून खिशात घातली. मग चपला काढून आत आला. छिन्नी-हातोडा घेऊन जिन्याखाली बसला. पंधरा वर्षं त्याने माणसांकडून काम करून घेतलं होतं, स्वतः थापी धरून जमाना झाला होता. देवळी एका बाजूला कलली. गेनबा पुढं झाला तर रत्नाने त्याला हातानेच अडवलं.

"वाकडी झाली," हनुमंत घाम पुसत म्हणाला.

"हुंदे. वेल्ह्यात केलीस का अशी?"

"न्हाई बा."

"करू बी नगंस," रत्ना म्हणाली आणि ताट वाढायला वळली. "हात धू. गार हुतंय."

"वाढ," हनुमंत म्हणाला आणि नव्या न्हाणीकडं हात धुवायला गेला.