नुसती तापवलेली भुकटी

प्रयोगशाळेत तिला सगळे थरवाली म्हणत. पाच वर्षं तिने एकच उद्योग केला होता: उत्प्रेरकाच्या भुकटीवर डोळ्यांना न दिसणारे थर चढवायचे. साधी भुकटी भलतीच उतावळी. तिच्यावरून वायू सोडला की तो पार जळून जाई आणि हाती नुसता कार्बन डायऑक्साइड येई. थरवालीची भुकटी मात्र ते जळणं मध्येच थोपवी आणि कामाचा पदार्थ पदरात टाकी. थर एकूण वीस, आणि प्रत्येक थराला भुकटी एकदा भट्टीत तापवावी लागे.

तेरावा थर चालू असताना बाबा अत्यवस्थ असल्याचा दादाचा फोन आला. थर अर्धवट सोडला तर आधीचे बाराही फुकट जाणार होते. "दोन दिवसांत निघते," ती म्हणाली. बाबांनी दोन दिवस काढले नाहीत.

पुढे प्रबंध परीक्षकांकडे गेला. परीक्षक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी जात, असं तिचे मार्गदर्शक सर नेहमी म्हणत. या परीक्षकाने एकच ओळ लिहून पाठवली: साधी भुकटी, थर न देता, वीस वेळा तापवून पाहिली आहे का?

पाहिली नव्हती. तुलनेला तिने दर वेळी बाटलीतली कोरी, न तापवलेली भुकटी घेतली होती, आणि एवढ्या हुशार माणसांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग तीन आठवडे तिने कोरी भुकटी तापवली, गार केली, पुन्हा तापवली. पदवीची काळजी होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. थर बिनकामाचे ठरले, तर ती बाबांना सोडून कशासाठी थांबली होती?

दुपारी अडीचला आकडे आले. नुसत्या तापवलेल्या भुकटीनेही जळणं मध्येच थोपवलं होतं, अगदी तितकंच. सगळी करामत भट्टीची होती. थरांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

सरांनी कागद दोनदा वाचला. "आहे ते लिहून टाक," ते म्हणाले. "मी सही करतो." ते ताडताड बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

परीक्षकाला तसं पत्र पाठवून तिने आईला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

"आई, ऐक ना, त्या कामाचं..."

"आधी माझं ऐक. केव्हापासून मनात आहे. शेवटी शेवटी दार वाजलं की हे म्हणायचे, आली बघ. मला फार राग आला होता गं तुझा. दादाने समजावलं, तिचं काम मोठं आहे, मध्येच टाकता येत नाही. म्हणून गिळला मी तो राग. नाहीतर तुझं तोंड नसतं बघितलं."

थरवालीने समोरचा आकड्यांचा कागद पालथा घातला.

"तू काय सांगत होतीस?" आईने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "झालं काम."